नाशिकमध्ये कुत्र्यांचं बोर्डिंग आणि ट्रेनिंग सुरू करायचंय? जागा घ्यायच्या आधी हे वाचा

माझ्याकडे महिन्यातून एखादा तरी मुलगा किंवा मुलगी येते, दादा मला कुत्र्यांची खूप आवड आहे, केनल टाकायचंय, किती पैसे लागतील. मी पैशाचं नंतर सांगतो, आधी विचारतो की दिवाळीत पाडव्याला आणि भाऊबीजेला तू घरी नसशील, चालेल का? कारण लोक कुत्रं आपल्याकडे मुक्कामाला ठेवून गावाला गेले की आपलं काम सुरू होतं. दिवाळी, मे महिना, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, लग्नाच्या तिथी, हे सगळे दिवस तुमचे नाहीत असं घरच्यांना आधीच सांगून ठेवा. हे चालणार असेल तर पुढचं वाचा. मी मखमलाबादच्या बाजूला दहा रनचं (रन म्हणजे एका कुत्र्याची झोपायची जागा आणि पुढचा मोकळा कप्पा) छोटं केनल चालवतो, जे लिहितोय ते तिथे शिकलेलं आहे.

जागा

शहरात, म्हणजे इंदिरानगर, गंगापूर रोड, कॉलेज रोड अशा ठिकाणी बंगला भाड्याने घेऊन बोर्डिंग करू नका. एक कुत्रं भुंकलं की बाकीची सुरू होतात, आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये रहिवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती पाच-सहा कुत्र्यांनी कधीच ओलांडलेली असते. शेजाऱ्यांचंही खरं असतं ना, त्यांना झोपायचं असतं. त्यामुळे मखमलाबाद, गिरणारे, म्हसरूळच्या पुढे, आडगाव, पाथर्डी फाट्याच्या मागचा भाग, अशी मळ्याची जागा बघा, पण ती शहरापासून अर्ध्या तासाच्या आत पाहिजे, नाहीतर रात्री दोन वाजता व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, कुत्रं नेताना तुमचा जीव जाईल. शेतजमिनीवर पक्कं बांधायचं तर एनएचा (बिगरशेती परवानगीचा) प्रश्न येतो, तो तलाठी कार्यालयात विचारून मगच भाडेकरारावर सही करा.

पाणी आणि लाइट दोन्ही उन्हाळ्यात बघायचं. जागामालक जूनमध्ये बोअरला भरपूर पाणी आहे म्हणतो, तुम्ही एप्रिलमध्ये जाऊन बघा. दहा कुत्र्यांचं धुणं-पुसणं-पिणं धरून मला दिवसाला हजार लिटरच्या आसपास लागतं. मळ्यातल्या लाइटचा भरवसा धरू नका, इन्व्हर्टर घ्याच, पंख्यांसाठी.

आता नाशिकच्या मळ्याच्या तीन गोष्टी, ज्या बाहेरचं कोणी तुम्हाला सांगणार नाही.

एक, द्राक्ष. आपल्याला वाटतं फळ आहे, काय होतंय. द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, म्हणून एक मणीसुद्धा चालत नाही असंच धरून चला. बागेखाली पडलेले मणी बीगल आणि लॅब (लॅब्राडोर) अशी वेचतात की बघत राहाल. माझ्याकडच्या एका बीगलने पट्टा सुटल्यावर शेजारच्या बागेत जाऊन पाच मिनिटं खाल्लं होतं, मी तसाच उचलून व्हेटकडे नेला, त्यांनी उलटी करवली, दोन-तीन दिवस सलाइनवर ठेवून रक्त तपासत राहिले, वाचला. मालकाला फोन करताना माझा हात थरथरत होता ते अजून आठवतं. तेव्हापासून बागेच्या बाजूला दोन फूट पत्रा आणि त्यावर जाळी.

दोन, फवारणी. ऑक्टोबरची छाटणी झाली की बागेवर सतत औषधं मारली जातात आणि नेमकी तेव्हाच दिवाळीची गर्दी असते. बाजूच्या बागाईतदाराशी ओळख करा, चहाला बसा, ब्लोअर (फवारणीचं यंत्र) आणायच्या आधी मला एक फोन करा दादा एवढं सांगून ठेवा. त्या दिवशी कुत्री आत, पाण्याची भांडी आत, आणि वारा आपल्याकडे असेल तर दुसऱ्या दिवशी सगळा कोबा धुवून काढायचा.

तीन, बिबट्या. कुत्रं हे त्याचं सोपं खाणं आहे आणि आपल्याकडे ऊस-मका जिथे जिथे तिथे तो आहे. सहा-सात फुटांची भिंत तो सहज चढतो. म्हणून रनला वरूनही जाळी पाहिजे, आणि रात्री सगळी कुत्री बंद खोलीतच पाहिजेत, उघड्यावर साखळीला एकही नाही. ठसे दिसले तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे, कळवा, स्वतः बॅटरी घेऊन बघायला जाऊ नका.

बांधकाम

मध्यम कुत्र्याला मी चार बाय सहा फुटांची झोपायची जागा आणि पुढे तेवढंच किंवा जास्त मोकळं ठेवतो, जर्मन शेफर्ड-रॉटवायलरला पाच बाय आठ. जमिनीला उतार द्या, गवंडी सांगूनही विसरतो, म्हणून कोबा घट्ट झाला की गवंडी असतानाच एक बादली पाणी ओतून बघा, कुठे साचतंय का. गुळगुळीत टाइल अजिबात नको, म्हाताऱ्या लॅबचे मागचे पाय घसरतात. दोन रनच्या मध्ये चार फुटांपर्यंत भिंत असू द्या, नुसती जाळी असली की समोरासमोर उभं राहून दिवसभर भांडतात, ताण वाढतो, जेवत नाहीत. भिंतीत फट राहू देऊ नका, कारण गोचिडाची मादी पोटभर रक्त पिऊन अंगावरून उतरते आणि अशा फटीत हजारोंनी अंडी घालते. नुसतं कुत्र्यावर औषध टाकून गोचीड जात नाही ते यामुळेच, भिंती पण बघायला लागतात.

गेट दोन पाहिजेत. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, बस्स. माझ्याकडे पहिल्या वर्षी एकच गेट होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एक मालक घ्यायला आले, त्याच वेळी रस्त्यावर सुतळी बॉम्ब फुटला आणि दुसऱ्याच कोणाची पॉमेरियन माझ्या पायामधून निघून गेली. आम्ही तिघं जण रात्रभर मळे पालथे घालत होतो, पहाटे कॅनॉलच्या कडेला बसलेली सापडली. ती सापडली नसती तर मी हे काम त्याच दिवशी बंद केलं असतं. दुसऱ्या गेटला मला खर्च फार आला नाही, लोहाराकडे दोन दिवसांचं काम होतं.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, पत्र्याखाली तर अजून जास्त. पत्र्याला आतून सिलिंग मारा, वरून ग्रीन नेट. थंडीत उलटं, निफाडकडचं वारं आलं की रात्री दहा अंशांच्या खाली जातं, तेव्हा प्रत्येकाला लाकडी फळी आणि गोणपाट, थेट कोब्यावर झोपवू नका.

कागदपत्रं

शॉप ॲक्टची (दुकाने-आस्थापना कायद्याची) ऑनलाइन नोंद करा (थोडेच कामगार असतील तर नुसती सूचना द्यायची असते), उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी करा, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. आता जे बरेच जण चुकवतात ते : २०१७ चे कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे केंद्राचे नियम आहेत, त्यात ब्रीडरच्या व्याख्येतच बोर्डिंग केनल चालवणारा धरलेला आहे. म्हणजे पिल्लं विकत नसलात तरी राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणीचं तुम्हालाही बघावं लागतं. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्यात जाऊन फॉर्मची चौकशी करा. आणि १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा वाचा एकदा, कुत्र्याला मारणं तर गुन्हा आहेच, तासन्तास आखूड साखळीला बांधून ठेवणं पण त्यातच येतं.

कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही

माझ्या मते अख्खं काम इथेच आहे. आत काय घडणार ते गेटवर तुम्ही कोणाला हो म्हणता त्यावर ठरतं, आणि नवीन माणसाला नाही म्हणायला जड जातं, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं, गाडीत सामान भरलेलं असतं, मुलं मागे बसलेली असतात.

लसीचं कार्ड बघितल्याशिवाय आत नाही. फोटो नको, कार्डच, त्यावर व्हेटचा शिक्का आणि तारीख. रेबीज पाहिजे, आणि डिस्टेंपर-पार्व्हो-लेप्टो वगैरे कुत्र्यांच्या जिवघेण्या रोगांची एकत्रवाली पाहिजे, आणि केनल कफची (एकाचा दुसऱ्याला लागणाऱ्या खोकल्याची) पण घेतलेली असेल तर फार चांगलं. लस काल दिली आणि आज सोडायला आले तर उपयोग नाही, अंगात ताकद तयार व्हायला दहा-चौदा दिवस तरी जातात. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो, पावसाळ्यात मळ्यात त्याची भीती खरी आहे. लसींचा कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू बोर्डिंगला घेऊच नका, मालक कितीही हात जोडू दे. मी एका दिवाळीला गर्दीत कार्ड नंतर पाठवतो म्हणणाऱ्याचं कुत्रं घेतलं, त्याला खोकला होता, आठवड्यात सात कुत्री खोकत होती. सात मालकांना फोन, सातांचा औषधखर्च माझ्याकडून, आणि त्यातले दोन परत आले नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

मग गेटवरच अंग तपासा. कान उलटून बघा, बोटांच्या फटीत बघा, शेपटीखाली बघा. गोचीड दिसली तर आधी औषध, मग प्रवेश. हिरड्या गुलाबी पाहिजेत. पांढुरक्या हिरड्या, मलूल डोळे, जेवण सोडलेलं, असं असेल तर टिक फिव्हर (गोचिडाचा ताप) असू शकतो, ते कुत्रं व्हेटकडे गेलं पाहिजे, तुमच्याकडे नाही. हीटवर आलेली मादी घेऊ नका, तीन आठवडे तरी. माणसाला चावलेलं कुत्रं तुमच्या पहिल्या दोन वर्षांत घेऊ नका.

लांबच्या मुक्कामाआधी एक रात्र ट्रायल ठेवायची, हे मी आता सगळ्यांना सक्तीचं केलंय. ज्यांना दिवाळीत दहा दिवस ठेवायचंय त्यांनी सप्टेंबरमध्ये एक रात्र ठेवावं. त्यात सगळं कळतं, जेवतं का, रात्री रडतं का, जाळी चावतं का, भिंत चढतं का (हस्की आणि कारवान, म्हणजे आपल्याकडचं शिकारी जातीचं कुत्रं, दोन्हींवर डोळा ठेवा, कारवान तर सशामागे निघालं की हाकेला येत नाही).

फॉर्मवर दुसरा नंबर नाशिकमधल्याच माणसाचा घ्या, कारण मालक विमानात असतात. कोणता व्हेट, किती रुपयांपर्यंतचा इलाज न विचारता करायचा, हे लिहून सही घ्या. काय खातं ते नीट विचारा, आपल्याकडे बऱ्याच घरात कुत्रं पोळी-दूध नाहीतर दही-भातावर असतं आणि तुम्ही पहिल्याच दिवशी चिकन-भात दिला की दुसऱ्या दिवशी अख्खा रन धुवायला लागतो. घरचंच खाणं आणायला सांगा. काही घरांना कुत्र्याला मांसाहार चालत नाही, तेही पाळा, गुपचूप देऊ नका. मालकाचा न धुतलेला जुना शर्ट मागून घ्या, पहिल्या दोन रात्री त्याचा फार आधार होतो. अर्धे पैसे आगाऊ घ्या.

रोजचा दिवस

साडेपाचला उठून आधी एक फेरी, प्रत्येक कुत्र्याकडे बघत. रात्री कोणी उलटी केली, कोणाची शी पातळ आहे, कोणी पाणी प्यायलं नाही, हे धुण्याच्या आधी बघायचं, धुतल्यावर काय कळणार. एका वहीत नावापुढे लिहा. पहिल्या दिवशी मोठं कुत्रं जेवत नाही, तेवढं चालतं, पण पाणीच पीत नसेल किंवा दुसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल तर व्हेटला फोन.

उन्हाळ्यात फिरवणं सातच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर. रस्त्यावर हाताची मागची बाजू ठेवा, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे पंजे भाजणार. पग, बुलडॉग, बॉक्सर यांना कूलरच्या खोलीत ठेवा. धापा थांबत नाहीत, जीभ गडद लाल, पाय लटपटतात, असं दिसलं की अंगावर साधं पाणी, पोटाला-पंजांना पाणी, पंखा, आणि लगेच गाडी काढा. बर्फाचं पाणी ओतत बसू नका. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की घड्याळाशी शर्यत आहे. थर्मामीटर घ्या एक, मेडिकलमध्ये मिळतो.

मोठ्या कुत्र्याला जेवणाआधी-नंतर तासभर तरी पळवू नका, पोट फुगून पिळा बसला तर काही तासांत जातं. जेवण प्रत्येकाचं वेगळं, दार लावून, घरी एका ताटात खाणाऱ्या जोडीचंही. मोकळं सोडताना अनोळखी कुत्र्यांचा घोळका करू नका, व्हिडिओ छान येतो पण भांडण तीन सेकंदांत होतं. दोन-दोन, मापाला माप बघून.

स्वच्छता. फिनेलचा वास आला म्हणजे साफ झालं असं आपल्याला लहानपणापासून वाटतं. पार्व्होचा विषाणू साध्या फिनेलने मरत नाही आणि जमिनीत महिनोन्महिने टिकतो. आधी शी-माती उचलून साबणाने घासा, मग सोडियम हायपोक्लोराइट (पाच टक्केवालं असेल तर एक भाग त्याचा, तीस भाग पाणी), दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग भरपूर पाण्याने धुवून कोरडं करा. घाणीवर तसंच ओतलं तर ते काम करत नाही. आणि ते टॉयलेट क्लीनर ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी गॅस होतो. आजारी कुत्र्याची खोली लांब, तिची बादली-वायपर वेगळे, आणि तिथलं काम सगळ्यात शेवटी.

मदतनीस ठेवाल त्याला आणि स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांना विचारून आधीच टोचून घ्या. चावलं की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. लसवालं कुत्रं होतं म्हणून सोडून देऊ नका.

ट्रेनिंग कशाला पाहिजे ते आधी आकड्यात बघा

दिवसाला पाचशे रुपये धरा आणि वर्षाची सरासरी रोज तीन कुत्री. महिन्याचे झाले ४५,०००. मदतनीस १५,०००, भाडं १२,०००, खाणं कुत्र्यामागे रोज ९० धरलं तर ८,१००, लाइट-पाणी ४,०००, साफसफाईचं सामान ३,०००. उरले २,९००. दिवाळीत आणि मेमध्ये वेटिंग लागतं, पण जुलै-ऑगस्टच्या मधल्या दिवसांत रन रिकामे असतात. ट्रेनिंग हे रिकामे महिने भरतं, आणि ट्रेनिंगचं कुत्रं पुढे दहा वर्षं बोर्डिंगला तुमच्याकडेच येतं.

पण शिकल्याशिवाय ट्रेनर म्हणवू नका. एखाद्या चांगल्या माणसाच्या हाताखाली सहा महिने तरी काढा, आणि तो माणूस निवडताना त्याची कुत्री त्याला बघून शेपटी हलवतात का खाली दाबतात ते बघा. शेपटी दाबणारी कुत्री शिस्तीत दिसतात, घाबरलेली असतात, आणि घाबरलेलं कुत्रं एक दिवस घरच्या लहान मुलाला चावतं. काट्याचा पट्टा, शॉकचा पट्टा, काठी, यातलं माझ्याकडे काही नाही. उकडलेलं चिकन नाहीतर पनीर, हरभऱ्याएवढा तुकडा, आणि वेळ.

मुक्कामी ट्रेनिंग असेल तर पहिले तीन-चार दिवस काहीच शिकवू नका, त्याला जागेची आणि तुमची सवय होऊ द्या. मग नाव घेतल्यावर बघणं, बसणं, थांबणं, ढिल्या पट्ट्यावर चालणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाक मारल्यावर येणं, ते दहा मीटरच्या लांब दोरीवर. एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, तासभर रगडलं की कंटाळतं. आल्यावर कधीच रागवायचं नाही, उशिरा आलं तरी, नाहीतर पुढच्या वेळी येणारच नाही. महिन्यात सगळं येईल अशी गॅरंटी देऊ नका.

आणि शब्द. घरात आजी म्हणते बैस, बाबा म्हणतात बस, मुलगा म्हणतो सिट, आणि सगळे म्हणतात ऐकत नाही. पहिल्याच दिवशी मालकाला कागद द्या, त्यावर घरातले सगळे मिळून कोणता शब्द वापरणार ते लिहून घ्या, मी मराठी शब्द घ्यायला सांगतो म्हणजे आजीला पण जमतं. शेवटच्या आठवड्यात घरच्या सगळ्यांना तीन वेळा बोलवा आणि पट्टा त्यांच्या हातात द्या, तुम्ही मागे उभे राहा. कुत्रं तुमचं ऐकतं यात मालकाला काय फायदा? जे हे तीन दिवस येऊ शकत नाहीत त्यांचं ट्रेनिंग मी घेत नाही.

दिवाळीची तयारी

बुकिंग सप्टेंबरपासून घ्या आणि रन जेवढे तेवढीच कुत्री, एकही जास्त नाही. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी पाचच्या आत सगळ्यांचं फिरून झालेलं पाहिजे, त्यानंतर बाहेर नाही. आतल्या खोलीत पडदे, पंखे, रेडिओ मोठ्याने. घाबरणाऱ्यांना पट्टा आणि हार्नेस दोन्ही, कारण घरून येणारे पट्टे ढिले असतात, मान मागे ओढली की सुटतात. त्या रात्री मी मधल्या पॅसेजमध्येच गादी टाकून झोपतो, दिवा चालू ठेवून. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास पंचवटी-त्र्यंबक रोडकडचे रस्ते बंद होतील तेव्हाचं वेगळं नियोजन लागेल, व्हेटकडे जायचे दोन तरी वेगळे रस्ते आत्ताच गाडी घालून बघून ठेवा.

कुत्रं परत देताना वहीतलं पान मालकाला वाचून दाखवा, काय खाल्लं, कधी पातळ झालं, कुठे ओरखडा आला, सगळं, लपवू नका. घरी गेल्यावर दिवसभर झोपेल, पाणी जास्त पिईल, हे सांगा म्हणजे ते घाबरत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक फोन करा, जेवलं का म्हणून.